दोन सेकंदांत काळा पडणारा एलसीडी आणि माळ्यावरचा डबडा मॉनिटर : उघडू की नको?

छापखानावाला | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. सांगलीजवळ आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, जत्रेची हँडबिलं अशी कामं. एक जुना संगणक अजून जपून ठेवलाय, कारण त्यातल्या डीटीपी सॉफ्टवेअरचं लॉक मागे प्रिंटर पोर्टात खोचावं लागतं आणि नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. वीस वर्षांचे पत्रिकांचे मजकूर त्यात आहेत. संगणक ठणठणीत आहे, दगा दिला तो मॉनिटरने.

१७ इंची चौकोनी एलसीडी, २००६ सालचा. बटण दाबलं की चित्र येतं, दोन सेकंद राहतं, मग सगळं काळं. हिरवा दिवा मात्र चालूच. बंद करून परत लावला की परत दोन सेकंद.

माळ्यावर त्याच्या आधीचा १५ इंची पिक्चर ट्यूबवाला डबडा आहे. तो उतरवून लावला तर मधोमध एक झगझगीत आडवी रेघ, वर-खाली अंधार.

मल्टिमीटर आणि सोल्डरिंग येतं, मशीनच्या मोटरची वायरिंग मीच करतो. गावातला टीव्हीवाला म्हणाला दोन्ही भंगारात घाला. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची गर्दी सुरू होईल. उघडू का? आणि आधी कुठला?

नुसता_वाचक | शनिवार, रात्री १०:२०

सेकंडहँड घेऊन मोकळे व्हा की. एवढा खटाटोप कशाला?

छापखानावाला | शनिवार, रात्री १०:३१

@नुसता_वाचक, भाच्याचा रुंद मॉनिटर लावून बघितला. जुन्या विंडोजमध्ये चित्र आडवं ताणलं जातं आणि अक्षरं चपटी दिसतात. पत्रिकेचा गणपती ढेरपोट्या असतोच, पण इतका नाही :) चौकोनी मिळाला तर घेईनच, तोवर हा सुधारतोय का बघू.

रोधिका | शनिवार, रात्री १०:५५

आधी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. अर्धं निदान झाकण न उघडता होतं.

संगणकाची व्हीजीए केबल काढा आणि मॉनिटर एकटाच लावा. 'सिग्नल नाही' अशी पाटी येते का? आणि तीही दोन सेकंदांत विझते का? विझत असेल तर संगणक, केबल, विंडोज सगळे निर्दोष.

मग केबल जोडा, खोलीत अंधार करा. पडदा काळा पडला की मोबाइलचा टॉर्च अगदी जवळ, तिरका धरून बघा. अंधुक चित्र दिसलं तर पॅनेल आणि मुख्य बोर्ड जिवंत आहेत, गेलाय फक्त मागचा प्रकाश.

२००६ च्या मॉनिटरमध्ये एलईडी नसतात. पेन्सिलीच्या शिशापेक्षा थोड्या जाड अशा काचेच्या नळ्या असतात, सीसीएफएल म्हणतात त्यांना. घरच्या ट्यूबलाइटच्या धाकट्या बहिणीच. त्या पेटवायला हजारच्या वर व्होल्ट लागतात, पेटल्यावर सहा-सातशेवर चालतात. हे काम मॉनिटरच्या आतला इन्व्हर्टर नावाचा छोटा बोर्ड करतो. एखादी नळी पेटली नाही किंवा तिचा करंट बिघडला, तर इन्व्हर्टरची चिप एक-दोन सेकंद वाट बघते आणि सगळ्याच नळ्या बंद करते. म्हणजे तुमचे दोन सेकंद हा चिपने मुद्दाम दिलेला अवधी आहे. म्हणूनच मला तुमच्या वर्णनावरून मेन सप्लायवर संशय नाही. तो गेला असता तर हिरवा दिवा लागलाच नसता, किंवा लुकलुकत राहिला असता आणि आतून टिक-टिक ऐकू आली असती.

छापखानावाला | शनिवार, रात्री ११:२४

ताई, कमाल! टॉर्चने डेस्कटॉपचे आयकॉन दिसले. बायको म्हणते मध्यरात्री अंधारात मॉनिटरला टॉर्च लावून काय शोधताय. आणि हो, पाटीसुद्धा दोन सेकंदांतच गेली.

तापकीरगल्ली | रविवार, सकाळी ७:४०

माझं उभं आयुष्य टीव्ही आणि मॉनिटर दुरुस्त करण्यात गेलं. आता निवृत्त आहे, म्हणून सकाळी सकाळी लिहितोय.

त्या वर्षांतला माल म्हटलं की पहिला संशय कपॅसिटरवर घ्यायचा. साधारण १९९९ ते २००७ या काळात वाईट इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभर शिरले होते. मदरबोर्ड, मॉनिटर, डीव्हीडी प्लेअर, काही सुटलं नाही. वरचं चपटं डोकं पुरीसारखं फुगतं किंवा बुडाशी तपकिरी ओघळ येतो. कधी कधी दिसायला नीट असतो आणि आतून वाळलेला निघतो, त्यामुळे एक फुगलेला दिसला की त्या रांगेतले सगळेच बदलायचे. मायक्रोफॅरड तेवढेच घ्यायचे, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वर, १०५ अंशवाले आणि लो ईएसआर, म्हणजे आतला अडथळा कमी असलेले, मागून घ्यायचे. बाजूच्या पट्ट्याकडचा पाय निगेटिव्ह. उलटा लावलात तर दिवाळी. बुडाशी तपकिरी वाळलेला डिंक दिसला तर खरवडून काढा, तो जुना झाला की वीज वाहू लागतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात आमच्या तापकीर गल्लीत मिळतील. फार हलका आणि फार स्वस्त असेल तो घेऊ नका. मोठ्या डब्यात छोटा कपॅसिटर घातलेला मी स्वतः कापून पाहिलाय.

उघडताना स्टँड काढा, त्याखालचे स्क्रू काढा, पडदा खाली करून गोधडीवर ठेवा. कडेची कुलपं जुन्या एटीएम कार्डाने सोडवा. स्क्रूड्रायव्हर घातलात तर पॅनेलला टिचका गेलाच म्हणून समजा. बटणांची रिबन झाकणाला जोडलेली असते, ओढू नका.

झटपट_जुगाड | रविवार, सकाळी ९:०५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

रोधिका | रविवार, सकाळी ९:३०

@झटपट_जुगाड यांनी प्रतिसाद काढला ते बरं केलं, पण तो वाचून कोणी करायला जाऊ नये म्हणून लिहिते. मोठ्या कपॅसिटरच्या पायांवर स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून 'फट्' करायचं, ही सवय गॅरेजमध्ये रूढ आहे हे मान्य. पण त्याने टोक वितळतं, ट्रॅक उडतो, ठिणगी डोळ्याकडे येते, आणि हात दचकून शेजारच्या कशावर आपटेल याचा नेम नसतो.

आपली मेन २३० व्होल्टची, पण डायोडच्या पुलानंतर पहिल्या कपॅसिटरवर तिचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. सप्लाय चालू स्थितीत असेल तर प्लग काढल्यावर तो स्वतःच चार्ज खाऊन टाकतो. सप्लाय बंद पडलेला असेल तर खाणारं कोणीच नसतं आणि कपॅसिटर बराच वेळ भरलेला राहतो. म्हणजे मेलेला मॉनिटर चालू मॉनिटरपेक्षा जास्त धोक्याचा.

प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. पाच मिनिटं थांबा. मीटर ६०० किंवा १००० डीसी व्होल्टवर ठेवून पायांवर मोजा. १०-१५ व्होल्टच्या वर दिसलं तर १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेशनवाल्या तारांनी पायांवर दहा सेकंद धरा आणि पुन्हा मोजा. रेझिस्टर नुसत्या बोटांत धरायचा नाही, हे लिहायची गरज पडू नये, पण लिहिते.

घरातला ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती झाली की मेन तोडणारा स्विच, यात वाचवत नाही. प्लग काढल्यावर उरलेला झटका कपॅसिटरचा असतो, मेनचा नसतो.

न्यूजर्सीकर | रविवार, सकाळी १०:१०

तो १५ इंची सीआरटी, म्हणजे पिक्चर ट्यूबवाला, फेकू नका प्लीज! इकडे जुने गेम खेळणारे लोक अशा ट्यूबसाठी वणवण फिरतात. पडद्यावर नेम धरायच्या जुन्या बंदुका एलसीडीवर चालतच नाहीत, त्यांना ट्यूबवरचा सरकता ठिपकाच लागतो.

नागपुरी_संत्रं | रविवार, सकाळी ११:०२

अवांतर : पण सीआरटीत तर २५ हजार व्होल्ट असतात न भाऊ? मग एलसीडीच्या ३२५ ला एवढं काय घाबरायचं?

रोधिका | रविवार, दुपारी १२:१५

@नागपुरी_संत्रं, प्रश्न चांगला आहे, आकडे टाकूनच बघू. साठलेली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग. पिक्चर ट्यूब स्वतःच एक कपॅसिटर असते, आतला लेप आणि बाहेरचा काळा लेप यांच्यामध्ये काच. पण तो असतो दीड-दोन नॅनोफॅरडचा. २ नॅनोफॅरड आणि २५,००० व्होल्ट धरले तर ०.६ जूलच्या आसपास.

आता १७ इंची एलसीडीच्या सप्लायमधला १०० मायक्रोफॅरड घ्या, ३२५ व्होल्टला ५ जूलच्या वर जातो. सीआरटीच्या सप्लायमध्ये २२० मायक्रोफॅरडचा असेल तर साडेअकरा. म्हणजे ज्या ट्यूबला सगळे घाबरतात तिच्यापेक्षा ज्याच्याकडे कोणी बघत नाही तो अंगठ्याएवढा डबा आठ ते वीस पट ऊर्जा धरून असतो.

याचा अर्थ ट्यूब निरुपद्रवी आहे असा नाही. तिचा चार्ज कित्येक दिवस टिकतो, आणि हृदयाचा त्रास किंवा पेसमेकर असलेल्यांनी तर लांबच राहावं.

तापकीरगल्ली | रविवार, दुपारी ४:२५

ताईंच्या गणिताला माझी साक्ष. आमच्या दुकानात एका पोऱ्याने सुटी ट्यूब उचलली. दोन दिवस नुसती कोपऱ्यात पडून होती. बोट अॅनोडच्या खाचेत, म्हणजे हायव्होल्टेजची तार ट्यूबला जोडतात तिथे, गेलं, झटका बसला. झटक्याने काही झालं नाही, पण ट्यूब हातातून सुटली आणि मानेतून फुटली. आत निर्वात असतं, काच आधी आत ओढली जाते आणि मग बाहेर फेकली जाते. पिंढरीला सात टाके पडले. म्हणून ट्यूब मानेला धरून उचलायची नाही, कधीच नाही.

@छापखानावाला, तुमची आडवी रेघ म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा व्हर्टिकल सेक्शन गेला. आडवं पसरवणारा लाईन सेक्शन चालू आहे, हायव्होल्टेज आहे, म्हणून तर रेघ दिसते. बहुतेक वेळा व्हर्टिकल आयसीच्या पायांना ड्राय सोल्डर असतं. हीटसिंकवर बसलेला असतो, तापून-निवून पायाभोवती बारीक गोल चीर पडते. भिंग लावलं तर दिसते. पण आधी एक करा, तो मॉनिटर लावून ठेवू नका. पूर्ण पडद्याची शाई एका रेघेत ओतल्यासारखं होतं, फॉस्फर जळून कायमचा डाग पडतो.

अॅनोड डिस्चार्ज कसा करतात ते सांगतो, पण एकट्याने पहिल्यांदा करू नका. प्लग काढलेला. लांब दांड्याच्या, चांगल्या प्लास्टिक मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला तार बांधायची. तारेचं दुसरं टोक मगर क्लिपने ट्यूबच्या काळ्या लेपावरून जाणाऱ्या उघड्या तांब्याच्या वेणीला. बोर्डाच्या ग्राउंडला लावायचं नाही, नाहीतर चिपांचे बळी जातात. क्लिप घट्ट आहे हे दोनदा बघायचं. डावा हात पाठीमागे. उजव्या हाताने टोक अॅनोडवरच्या रबरी टोपीखाली सरकवत धातूला टेकवायचं. 'चट्' आवाज येतो, कधी येतही नाही. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा करायचं, कारण काच थोडा चार्ज परत वर आणते. दुसऱ्या वेळी आवाज आला तर तिसऱ्यांदा.

पुष्कळ एलओटीत (हायव्होल्टेज तयार करणारा ट्रान्सफॉर्मर) चार्ज उतरवणारा रेझिस्टर आतच असतो. पण तो शाबूत आहे की उडालाय हे बाहेरून कळत नाही.

कुडाळकर | रविवार, संध्याकाळी ६:५०

आमच्याकडे पावसाळ्यात वेगळीच गंमत. हवा इतकी ओली की टोपीभोवती निळी ठिणगी, चट-चट-चट, आणि कोंबडीच्या खुराड्यासारखा वास. डिस्चार्ज करून, स्पिरिटने पुसून, सुकवून सिलिकॉन ग्रीस लावलं की गप्प.

एलसीडी उघडलात तर आधी पाल शोधा. उबेला येतात बिचाऱ्या. माझ्या इन्व्हर्टरवर एक ममी झालेली निघाली, शेपूट बरोब्बर ट्रान्सफॉर्मरच्या दोन पायांवर. ती काढून बोर्ड धुतला आणि मॉनिटर अजून चालू आहे.

छापखानावाला | बुधवार, रात्री ९:४८

अहवाल देतो.

पाल नव्हती. झुरळांची अंडी होती, तीन कपॅसिटर पुरीसारखे फुगलेले होते : १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचे दोन, ४७० चा एक. मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतर पाच मिनिटांनी ६ व्होल्ट दिसले, तरी रेझिस्टर लावलाच. पुण्याला जाणाऱ्या एसटीत मेहुणा होता, त्याच्याकडून रांगेतले सातही मागवले, १००० वाले २५ व्होल्टचे. माझी २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री जाड ग्राउंडवर हरली, शेजारून ६० ची आणली.

पहिल्यांदा लावताना आमच्या इलेक्ट्रिशियनचा सिरीज बोर्ड वापरला, म्हणजे मॉनिटरच्या वाटेत १०० वॉटचा पिवळा बल्ब. क्षणभर लखलखला आणि मंद झाला. मॉनिटर पेटला. वीस मिनिटं! पेढे आणायला माणूस पाठवणार, एवढ्यात काळा. मग परत तेच दोन सेकंद.

नुसता_वाचक | बुधवार, रात्री ९:५५

आता तरी नवा घ्या :(

रोधिका | बुधवार, रात्री १०:३०

वाईट वाटून घेऊ नका, ते कपॅसिटर बदलायचेच होते. सिरीज बल्ब लावलात ते उत्तम. बल्ब लखलखतच राहिला असता तर आत शॉर्ट आहे हे फ्यूज न उडवता कळलं असतं. (डबड्याला लावाल तर डीगॉस कॉइलचा (ट्यूबचं चुंबकत्व घालवणारी) प्लग काढून लावा, ती सुरुवातीला भरपूर करंट ओढते आणि बल्ब फसवतो.)

आता प्लग काढून इन्व्हर्टरचे ट्रान्सफॉर्मर मोजा. सेकंडरीचा, म्हणजे नळ्यांकडच्या गुंडाळीचा, ओहम सारख्या ट्रान्सफॉर्मरांमध्ये जवळपास सारखाच यायला हवा. एक वेगळा निघाला तर तोच चोर. सारखे आले तर नळ्या. चालू असताना नळीच्या वायरवर मीटर लावायचा नाही, तेवढ्या व्होल्टचा तो नसतो.

सुरुवातीच्या दोन सेकंदांत कडेच्या फटीतून बघा, कुठली नळी गुलाबी किंवा टोकाला काळी आहे. मग प्लग काढून, शेजारच्या जोडीतल्या दोन नळ्यांचे कनेक्टर आपसांत बदला. तीच नळी गुलाबी राहिली तर नळी गेली. गुलाबीपणा दुसरीकडे गेला तर इन्व्हर्टर.

छापखानावाला | गुरुवार, रात्री ८:१५

दोन्ही ट्रान्सफॉर्मर सारखे. खालच्या जोडीतली एक नळी गुलाबी, टोकं काजळ लावल्यासारखी. कनेक्टर बदलले तरी तीच.

तापकीरगल्ली | गुरुवार, रात्री ८:५०

मग नळीच. नवी नळी शोधण्यात आता अर्थ नाही, एलईडी पट्टीचं किट टाका. तुमच्या पॅनेलची रुंदी १२८० ठिपके गुणिले ०.२६४ मिमी, म्हणजे ३३८ मिमी. पट्टी तेवढ्यात बसेल अशी कापायची, जिथे कापायच्या खुणा आहेत तिथेच. किटमधल्या ड्रायव्हर बोर्डाच्या चार तारा : प्लस, ग्राउंड, चालू-बंद, उजेड. चारही इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या कनेक्टरवर मिळतात. प्लसवर किती व्होल्ट आहेत ते मोजूनच जोडा. जुन्या इन्व्हर्टरची सप्लाय फ्यूज काढून टाका, नाहीतर तो रिकामाच हजार व्होल्ट काढत बसेल.

नळ्या काढताना चष्मा लावा, खोलीत हवा खेळती ठेवा. आत थोडासा पारा असतो. फुटलीच तर खिडकी उघडा, केरसुणी फिरवू नका, जाड कागदाने गोळा करा, उरलेलं चिकटपट्टीने टिपा आणि झाकणाच्या बरणीत भरा.

छापखानावाला | पुढचा मंगळवार, सकाळी ११:०५

चालला! चार दिवस, रोज आठ तास. वरची पट्टी पहिल्यांदा अर्धा मिलिमीटर तिरकी बसली होती, कोपऱ्यात सावली पडायची, परत काढून बसवली. उजेड थोडा निळसर आहे, कुंकवाचा लाल जांभळट दिसतो. पण रंग शेवटी शाईच्या डब्यातून येतो, पडद्यातून नाही.

डबडा उघडला नाही. काकांचं वर्णन तीनदा वाचलं आणि माझा डावा हात पाठीमागे राहणारा नाही हे लक्षात आलं. मिरजेला एक जुने टीव्ही मेकॅनिक अजून आहेत असं कळलंय, रविवारी त्यांच्याकडे नेतो. मी फक्त भिंग धरणार.

न्यूजर्सीकर | मंगळवार, दुपारी १२:४०

देव तुमचं भलं करो. ते नाही म्हणाले तरी भंगारवाल्याला देऊ नका, तो कॉइलच्या तांब्यासाठी ट्यूब फोडतो आणि काचेतलं शिसं मातीत जातं.

रोधिका | मंगळवार, दुपारी १:१०

+१. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्यायचा.

कुडाळकर | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

आणि त्या काढलेल्या नळ्या कुठे ठेवल्यात?

छापखानावाला | मंगळवार, रात्री ९:०२

कागदाच्या रोलची पुठ्ठ्याची नळकांडी आमच्याकडे ढिगाने. एकात चारही नळ्या कापसात गुंडाळून घातल्या, दोन्ही तोंडं बंद केली आणि वर ३६ पॉइंट ठळक अक्षरांत चिकटवलं : 'आत पारा आहे. फोडू नये.' प्रिंट त्याच मॉनिटरवर बसून काढली. आज सकाळी कंपोझिटर विचारत होता, ही कुठल्या लग्नाची पत्रिका?